फोटोखाली ‘सौजन्य : गुगल’

डॉक्टर, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, नाहीतर मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत बसायचो. तुम्ही झरी-जामणी तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलंत, आता एम.डी. करताय, विषय सर्पदंश. प्रबंधात चौदा चित्रं आहेत. चार सापांचे फोटो गुगलवरून घेतलेले, तीन आकृत्या एका जाडजूड पाठ्यपुस्तकातल्या, दोन एका जर्नलमधल्या लेखातल्या, एक एक्स-रे उपजिल्हा रुग्णालयातला आणि चार फोटो रुग्णांचे, तुमच्या केंद्रातल्या ब्रदरनी स्वतःच्या मोबाइलवर काढलेले. गाइड म्हणतात, खाली ‘सौजन्य : गुगल’, ‘सौजन्य : अमुक पुस्तक’ लिहा, झालं. पुढे याच चित्रांची आशाताईंसाठी मराठी पुस्तिका काढायचं तुमच्या मनात आहे. एवढ्यानं भागेल का, असं विचारलंत.

नाही भागणार. शेजाऱ्याची बैलजोडी सोडून आपल्या वावरात जुंपली आणि बैलाच्या गळ्यात ‘सौजन्य : शेजारी’ अशी पाटी अडकवली, तर ती मागून आणली असं कोणी म्हणेल का? श्रेय देणं वेगळं, परवानगी घेणं वेगळं. गुगलचं तर श्रेयही लागत नाही. तो बैलबाजार आहे, बैलांचा मालक नव्हे.

मी वकील नाही. विदर्भातल्या एका ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात सव्वीस वर्षं चित्रकार-छायाचित्रकार होतो. असं पद असतं हेच पुष्कळ डॉक्टरांना निवृत्तीच्या निरोप समारंभात कळतं. शरीररचनेच्या म्युझियमचे तक्ते, शवविच्छेदनाचे फोटो, प्रबंधांतल्या आकृत्या हे माझं काम. शेवटच्या दहा-बारा वर्षांत चित्रांच्या परवानग्यांची पत्रंही माझ्याच टेबलावर येऊन पडायची. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

कायदा आहे १९५७ चा, कॉपीराइट ॲक्ट. फोटो आणि आकृती दोन्ही त्यात ‘कलाकृती’ म्हणून धरल्या आहेत, आणि त्यात कला असो वा नसो, हे कायद्यानंच म्हटलंय. म्हणजे मोबाइलवर काढलेला, थोडा हललेला, सुजलेल्या पायाचा फोटोही कलाकृतीच. काढला त्या क्षणी हक्क तयार होतो. कुठे नोंदणी करावी लागत नाही, कोपऱ्यात ते गोलातलं सी काढावं लागत नाही. फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस. हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. फोटोंसाठी पूर्वी प्रकाशनापासून ६० वर्षं होती, २०१२ च्या दुरुस्तीनं ते वेगळं कलम काढून टाकलं.

आता तुमचं पहिलं चित्र, घोणस. गुगलवर दिसलेल्या फोटोवर बोट ठेवून त्याच्या मूळ पानावर जा. बहुतेक वेळा तो एखाद्या सर्पमित्रानं टाकलेला असतो, आणि तो सर्पमित्र वणी नाहीतर पांढरकवड्याचाच निघतो. त्याला फोन करा. मी असे फोन कितीतरी केले, नकार क्वचितच आला. उलट ‘साहेब, माझं नाव छापसाल नं?’ हाच प्रश्न यायचा. नाव छापा. पण होकार कागदावर घ्या, सही घ्या, आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा : कशासाठी, किती वर्षांसाठी, कुठे. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती सहाव्या वर्षी निघाली, तर तोवर परवानगी संपलेली असेल. व्हॉट्सॲपवरचा अंगठा काहीच नसण्यापेक्षा बरा, एवढंच.

गाइड अगदीच चूक आहेत असंही नाही, कारण सवलती खरोखर आहेत. कलम ५२ मध्ये संशोधनासकट खासगी वापरासाठी ‘न्याय्य वापर’ चालतो, शिक्षक-विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या ओघात प्रत काढता येते, प्रश्नपत्रिकेत चित्र वापरता येतं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज वगैरे प्रकाशकांनी दावा लावला होता. त्यात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ‘शिकवण्याच्या ओघात’ याचा अर्थ बराच सैल लावला, वर्गासाठी बांधलेल्या झेरॉक्स संचांनाही तो लागू धरला. तेव्हा तुमच्या सेमिनारच्या स्लाइडवर पुस्तकातली आकृती आली तर झोप उडवून घेऊ नका. परीक्षकांपुरत्या प्रबंधाच्या चार बांधीव प्रतींचंही साधारण तसंच.

गोष्ट बदलते ती चित्र घर बदलतं तेव्हा. प्रबंध ऑनलाइन चढवला, त्यातून जर्नलला लेख पाठवला, पुस्तिका छापली, की ते चित्र वर्गाबाहेर पडलं. आशाताईंची पुस्तिका हेही शिक्षणच आहे, असा युक्तिवाद करता येईल, पण मी त्यावर विसंबणार नाही. पाच हजार प्रती छापून झाल्यावर युक्तिवाद करत बसण्यापेक्षा आधी एक ईमेल पाठवणं स्वस्त पडतं. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे, पण मला दिसलेली शिक्षा वेगळी होती : जर्नलनं स्वीकारलेला लेख ‘आकृती २ व ५ ची परवानगी जोडा’ म्हणून परत येतो आणि विद्यार्थ्याचे चार महिने जातात.

ईमेल कुणाला पाठवायचा, इथे सगळे चुकतात. जर्नलमधल्या दोन चित्रांसाठी तुम्ही लेखकाला लिहिलं असणार, आणि त्यानं आनंदानं हो म्हटलं असणार. त्या होकाराचा बऱ्याचदा उपयोग नसतो, कारण लेख छापताना त्यानं हक्क प्रकाशकाला लिहून दिलेले असतात. लेखाच्या पानावरच परवानगी मागायची लिंक असते, मोठ्या प्रकाशकांची राइट्सलिंक या ऑनलाइन परवाना-सेवेकडे जाते. तिथे वापराचा प्रकार म्हणून ‘प्रबंध’ निवडा, किती आकृत्या ते भरा, छापील आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही निवडा. प्रबंधासाठी रक्कम पुष्कळदा शून्य येते. जो परवाना मिळेल त्याची पीडीएफ परिशिष्टात लावा, आणि श्रेयाची ओळ ते सांगतील त्याच शब्दांत छापा. पुस्तिकेसाठी मात्र हा परवाना चालणार नाही, तो वेगळा घ्यावा लागेल. आणि हो, मागण्याआधी त्या आकृतीखालची बारीक ओळ वाचा. ‘अमुक यांच्या परवानगीने’ असं तिथे असेल, तर ती आकृती त्या लेखाचीच नाही, आणखी एक घर मागे जावं लागेल.

पाठ्यपुस्तकाच्या प्रकाशकाकडून उत्तर यायला आठवडे लागतात. नाहीच आलं तर? ‘मौनं संमतिलक्षणम्’ इथे लागू नाही. चित्र बदला.

फुकट आणि मोकळं हेही एक नव्हे. पबमेड सेंट्रल या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन संग्रहात लेख फुकट वाचता येतो म्हणून त्यातलं चित्र उचलता येतं असं नाही. लेखाच्या सुरुवातीला किंवा शेवटी क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना कोणता, ते पाहा. नुसतं ‘सीसी बाय’ असेल तर श्रेय देऊन वापरा, छापा, विका. ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर नाही, म्हणजे पुस्तिकेवर वीस रुपये किंमत टाकायच्या आधी विचार करा. ‘एनडी’ असेल तर बदल चालत नाही, आणि आपल्यासाठी ही अडचण मोठी आहे, कारण आकृतीवरची इंग्रजी नावं खोडून मराठी घालणं हाही बदलच. जागतिक आरोग्य संघटनेची प्रकाशनं २०१६ पासून साधारणपणे खुल्या, अव्यावसायिक परवान्यावर निघतात, पण त्यांच्या सर्पदंशावरच्या मार्गदर्शिकेत पुष्कळ फोटोंखाली छायाचित्रकाराचं नाव स्वतंत्र दिलंय. संघटनेचा परवाना तिच्या स्वतःच्या मजकुराला, तिऱ्हाइताच्या फोटोला नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचं चित्रभांडार बरंचसं मुक्त आहे, तरी प्रत्येक चित्राखालची सूचना वाचावी.

जुनी चित्रं मात्र खरी मोकळी. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ १८५८ साली निघालं, त्यातली चित्रं हेन्री व्हँडाइक कार्टर यांची. रॉयल्टी ग्रे यांना, कार्टर यांच्या हातावर एकरकमी पैसे. आमच्या जमातीचं नशीब तेव्हापासून असंच. हेच कार्टर पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आले आणि अनवाणी राबणाऱ्यांच्या पायाला होणाऱ्या मायसेटोमा या सूज आणणाऱ्या रोगावर त्यांनी काम केलं. १८९७ मध्ये ते वारले, म्हणजे ६० वर्षं केव्हाच उलटली. त्या पहिल्या आवृत्तीतला पाय खुशाल वापरा. आज दुकानात मिळणाऱ्या आवृत्तीतला नको, ती चित्रं नवी आहेत.

पुस्तकातल्या तीन आकृत्यांचं माझं मत विचाराल तर परवानगी मागूच नका, नव्यानं काढून घ्या. तथ्यावर कोणाची मालकी नसते. मण्यारचे पट्टे कुठून सुरू होतात, ही माहिती कुणाच्या बापाची नाही, पण ते दाखवणारं अमक्याचं रेखाटन त्याचं आहे. ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवलं आणि खाली ‘आधारित’ लिहिलं, तर ती नक्कलच. मी एकदा मण्यार आणि तिच्यासारखा दिसणारा बिनविषारी कवड्या साप शेजारी शेजारी काढले, विभागातल्या बरण्यांतले दोन नमुने समोर ठेवून. फॉर्मॅलिननं रंग उडाले होते, पण पट्टे होते. मण्यारचे पांढरे पट्टे डोक्याकडे पुसट किंवा नाहीतच, शेपटीकडे ठळक, पुष्कळदा जोडीजोडीनं. कवड्याचं उलट, मानेपासून ठसठशीत आणि शेपटीकडे विरत गेलेले. मण्यारच्या पाठीच्या कण्यावर षट्कोनी, मोठ्या खवल्यांची एक ओळ असते, ती मी मुद्दाम थोडी मोठी करून काढली. फोटोत चमक येते, ही ओळ दिसत नाही. आशाताईला हेच दिसायला हवं. जवळच्या कला महाविद्यालयातला एखादा पोरगा दोन दिवसांत काढून देईल. पैसे द्या, आणि हक्कांचा कागद त्याच्याशीही करा. एआयकडून साप काढून घ्यायचा मोह होईल. मी पाहिले आहेत ते साप, पट्टे भलतीकडेच असतात.

एक्स-रेला फार वेळ नको. रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचं पत्र घ्या, चित्रावरचं नाव, नंबर, तारीख काढा. एथिक्स कमिटीचा होकार आणि चित्राच्या मालकाचा होकार हे दोन कागद आहेत, एकात दुसरा येत नाही.

आता ब्रदरचे चार फोटो. खरं उत्तर इथे आहे, बाकी सगळं पत्रव्यवहार.

या प्रत्येक फोटोला मालक एक नाही. एक ज्यानं काढला तो, आणि एक ज्याच्या अंगाचा आहे तो. काढणाऱ्याची बाजू सोपी. नोकरीच्या कामात काढला तर हक्क साधारण मालकाचा, म्हणजे इथे सरकारचा. स्वतःच्या मोबाइलवर हौसेनं काढला तर ब्रदर म्हणेल माझा. वाद घालू नका, ब्रदरची एक सही घ्या आणि कार्यालयप्रमुखाची एक. फोटोत जो आहे त्याच्याकडे कॉपीराइट नाही, पण त्याचा होकार नसेल तर बाकीच्या सगळ्या सह्या मातीमोल.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २००७ च्या पावसाळ्यात एक बाई आली, वावरात निंदाले गेली होती, घोणस हाताला डसली. कोपरापर्यंत सूज, फोड, कातडी काळी पडत चाललेली. विभागानं बोलावलं, मी फोटो काढले. ती म्हणाली, ‘काढाचा असन त काढा बाबू, पण गावात कोनाले दाखवू नका. पोरीचं लगन जमून राह्यलं.’ मी म्हटलं, नाही दाखवत. कागद काही केला नाही. दोन वर्षांनी एका संस्थेला शिबिरासाठी सर्पदंशाचे फोटो हवे होते, त्यांनी सीडी मागितली, मी बर्न करून दिली. चांगलं काम करत होते, माझ्या डोक्यातही आलं नाही. आठवडी बाजाराच्या रस्त्यावर आठ बाय दहाचा फ्लेक्स लागला. चेहरा कुठेच नव्हता. मनगटाच्या वर तिच्या नावाचं गोंदण होतं, कोपऱ्यात, फोडांच्या शेजारी. तिचा भाचा माझ्याकडे आला, शांतपणे बोलला. ‘तुमीच काढला नं हा फोटो?’ फ्लेक्स त्याच दिवशी उतरवला. पोरीच्या लग्नाचं काय झालं, ते विचारायचं माझं धाडस झालं नाही.

म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख पुसली, हे डोक्यातून काढा. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीही स्पष्ट म्हणते की डोळे झाकणं पुरेसं नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत असं आहे की ओळख पटेल अशा रीतीनं रुग्णाचा फोटो किंवा केस छापायची तर परवानगी हवी, आणि ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही. या दुसऱ्या वाक्याचा आधार पुष्कळ जण घेतात. मुंबईच्या रुग्णालयात बसून ते ठीक असेल. पण तीसेक घरांच्या कोलाम पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, ‘४२ वर्षांची स्त्री, जुलैमध्ये मण्यार चावली, डावा पाय’ एवढं वाचलं की पोडावरच्या लेकरालाही माणूस कळतो. आपल्या भागात प्रत्येक फोटो ओळखता येणारा, असंच धरून चाला. प्रत्येकाची लेखी संमती घ्या.

केव्हा घ्यायची? प्रतिसर्पविषाची सलाईन चालू असताना नाही. त्या वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. फोटो तेव्हा काढावा लागला तरी छापायची संमती तो बरा होऊन उठून बसल्यावर मागा, आणि जमलं तर त्याच्यावर उपचार न करणाऱ्यानं मागावी. मूल असेल तर आई-बापाची संमती, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात वर्षांवरच्या मुलाचाही होकार : बारापर्यंत तोंडी, पुढे लेखी. रुग्ण दगावला असेल तर जवळच्या नातेवाइकाची, आणि ते मागायला स्वतः जा, शिपायाला पाठवू नका.

तुमच्या चारपैकी तिसरा फोटो मी मोठा करून पाहिला. वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीची काचेची नळी, तिरपी धरलेली, रक्त पाण्यासारखं वाहतंय. उत्तम फोटो, रुग्ण कुठेच नाही, तुम्ही निर्धास्त. पण नळीवर चिकटपट्टी आहे, पट्टीवर बॉलपेननं नाव आणि खाट क्रमांक. वाचता येतो. दुसऱ्या फोटोत पाय आहे आणि मागे भिंतीवरच्या फळ्यावर दाखल रुग्णांची यादी. हे पॉवरपॉइंटमध्ये कापाल, तर एवढं ध्यानात ठेवा की क्रॉप केलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो. कोणीही फाइल उघडून चित्र पुन्हा ताणून पाहू शकतो. ‘कापलेले भाग काढून टाका’ असा पर्याय कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये असतो, तो वापरा, किंवा आधीच दुसऱ्या प्रोग्राममध्ये कापून नवीन फाइल करा. मोबाइलच्या मूळ फोटोत ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही बसलेले असू शकतात. तेही पुसा.

एक वही करा. चित्र क्रमांक, कुणी काढलं, केव्हा, कुणाची परवानगी, कुठवर, मुदत केव्हा संपते, संमतीपत्र कोणत्या फाइलीत. किराणा दुकानाच्या खतावणीसारखी साधी. बदली झाली तरी ती वही पुढच्याला द्या.

संमतीपत्र इंग्रजीतून उतरवलेलं नको. ‘मी याद्वारे माझ्या नैदानिक प्रतिमांच्या प्रसारणास’ असं वाचून दाखवलं तर माणूस सही करेल, समजून नाही. मी शेवटी शेवटी असं वाचून दाखवायचो : ‘तुमच्या पायाचा हा फोटो आहे, पाहा. नाव, गाव टाकणार नाही, तरी ओळखीच्या माणसाला ओळखू येऊ शकतो. नाही म्हटलं तरी औषधपाणी तसंच चालू राहील. याचे पैसे मिळत नाहीत. डॉक्टरच्या परीक्षेच्या पुस्तकात टाकू का? मासिकात, इंटरनेटवर टाकू का? तिथे एकदा गेला की परत घेता येत नाही. आशाताईच्या पुस्तिकेत टाकू का? पोस्टरवर, फ्लेक्सवर टाकू का? छापायच्या आधी केव्हाही नको म्हणू शकता.’ प्रत्येक ‘टाकू का’पुढे हो आणि नाही असे दोन चौकोन. पुष्कळ जण पहिल्याला हो म्हणतात, शेवटच्याला नाही, आणि तेवढ्यासाठीच चौकोन वेगळे ठेवायचे. वाचताना फोटो मोबाइलवर उघडा, त्याच्या हातात द्या, त्याला मोठा करून पाहू द्या.

पोडावरच्या दोघी रुग्ण कोलामी बोलतात असं तुम्ही लिहिलंय. मराठी थोडं समजतं म्हणून मराठीवर भागवू नका. अंगठा घ्यावा लागला तर साक्षीदार तुमच्या दवाखान्यातला नको, पोडावरचाच घ्या, दोन्ही भाषा येणारा, आणि त्यानं तिला काय सांगितलं ते तिच्याकडून तुम्हाला परत सांगायला लावा.